बसवून ठेवण्यात यावे

"हॅलो? … हॅलो, कोण, वहिनी? … वहिनी, भाऊजींना द्या जरा. … हो, मी बरी आहे. … नाही, बरी नाहीये, पण तुमच्यामुळे नाही. … अहो ऐका ना, गुडघ्याचं मला नंतर सांगा, अगदी पहिल्या दिवसापासून सांगा, पण आत्ता भाऊजींना द्या. … झोपलेत? मग उठवा. … हो, मीच उठवायला सांगितलं म्हणा."

बाई उभ्याच होत्या. क्लबच्या सामानाच्या खोलीतला फोन भिंतीवर अशा ठिकाणी ठोकलेला होता, की बसून बोलणाऱ्याला तो उंच पडायचा आणि उभ्याने बोलणाऱ्याला ठेंगणा. संघाच्या प्रशिक्षक म्हणून बाई पंधरा वर्षं त्यावर वाकून बोलत आल्या होत्या, आणि इतकं वाकूनही स्वभावावर त्याचा काही परिणाम झालेला नव्हता. एका बाजूला हवा गेलेले बॉल, दुसऱ्या बाजूला दोरीवर वाळणाऱ्या जर्सी, आणि हातात फलकावरून ओरबाडून आणलेला एक कागद. त्याच्या चारही कोपऱ्यांना टाचण्या अजून तशाच होत्या.

फोनवर यायचे होते ते त्यांचे थोरले दीर. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून क्लबचे अध्यक्ष झालेले.

"हॅलो, भाऊजी? … नमस्कार राहू द्या. फलकावरची नोटीस तुम्ही लिहिलीत? … हो, तीच. … अक्षर चांगलंय हो, अक्षराला कोण काय म्हणतंय! भाऊजी, शिडी चालली. … शिडी! … नाही, रंगाऱ्याने नाही नेली. आपली शिडी! शिडी पोरगी!"

शिडी म्हणजे सहा फूट एक इंच उंचीची, वीस वर्षांची मुलगी. गेल्या मोसमातल्या चौदा सामन्यांपैकी अकरा क्लबने जिंकले होते, आणि ते कुणाच्या जिवावर, हे उरलेल्या चार मुलीसुद्धा कुरकुर न करता सांगत. तिचं खरं नाव आता फक्त नोंदणीच्या फॉर्मवर उरलं होतं.

"कुठे म्हणजे? नदीपलीकडच्या क्लबात. … अहो, बदलीचा फॉर्म भरूनच घेऊन आलीय. बाहेर उभी आहे. माझी सही पाहिजे आणि आपला शिक्का. … सहाच्या आत संघटनेच्या ऑफिसात द्यायचाय. … आत्ता ना, सव्वापाच. … का चालली ते मला विचारता? थांबा, तुमचंच वाचून दाखवते तुम्हाला. 'सदर खेळाडूचा खेळ समाधानकारक असल्याने तिला पुढील पाच वर्षे बसवून ठेवण्यात यावे व इतरत्र हलू देऊ नये. ठराव एकमताने मंजूर.' … हो ना? तुम्हाला बरोबरच वाटणार! भाऊजी, आमच्या खेळात बसवणं म्हणजे काय, माहितीये? … नाही. … नाही, खुर्ची देऊन मान राखणं नाही! बसवणं म्हणजे खेळायला न घेणं! बेंचवर! टॉवेल सांभाळत! जिचा पाय मुरगळलाय, जी प्रॅक्टिसला दांड्या मारते, तिला बसवतात. आणि तुम्ही जाहीर करून टाकलंत, की आमची सगळ्यात चांगली खेळाडू आम्ही पाच वर्षं बसवणार. आणि का, तर तिचा खेळ समाधानकारक आहे म्हणून!"

बाईंनी कागद वाचून बाजूला ठेवला, मग पुन्हा उचलला. राग काढायला हातात काहीतरी लागत होतं.

"अहो, मग सरळ 'कायम ठेवावे' लिहायला काय झालं होतं? … काय? … 'कायम' म्हटलं की काय द्यावं लागतं? … रजा? … बढती? … भाऊजी, पोरगी बास्केटबॉल खेळते! तुमच्या कचेरीत चिकटलेली नाहीये! … नाही, सेवाज्येष्ठतेचा प्रश्न उद्भवत नाही! … नाही उद्भवत म्हणजे नाही उद्भवत!"

आयुष्याची चौतीस वर्षं भाऊजींनी माणसं कायम होऊ नयेत म्हणून फायलींवर शेरे मारण्यात घालवली होती. तो शब्द निवृत्तीनंतरही त्यांच्या पेनातून उतरत नसे. स्वतःच्या निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा त्यांनी 'तुमची आठवण तूर्तास राहील' असंच म्हटलं होतं.

"बरं, आता पुढे काय ते बोला. … काय करू नका? … सहीच करू नका? … आणि मग? … भाऊजी, मी सही नाही केली तर ती वर्षभर तिकडे खेळू शकत नाही, आणि इथे ती खेळणार नाही. … 'म्हणजे आपल्याकडेच राहील'? हो, राहील की! घरी राहील! भांडी घासत राहील! … तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? वीस वर्षांची आहे ती. गुडघे आज आहेत. तुमच्या फायलीसारखं नाही हो, कपाटात ठेवलं आणि दहा वर्षांनी काढून झटकलं. माझे बघा, जिना चढताना वाजतात. वहिनींचे बघा! … वहिनींना नका देऊ फोन! … नको, मला तेलाचं नाव नकोय! … मोठे आहात म्हणून ऐकून घेतेय, भाऊजी, नाहीतर या शिक्क्यासकट राजीनामा तुमच्या अंगणात येऊन पडला असता. नऊ वर्षं ती पोरगी मी घडवली. अकरा वर्षांची होती, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायची. आणि तुम्ही एका वाक्यात घालवलीत! एका! तेही कर्मणी!"

बाई दम घ्यायला थांबल्या, तेवढ्यात पलीकडून भाऊजींनी काहीतरी विचारलं. प्रश्न लहानच असावा. पण बाईंचा आवाज एकदम असा खाली आला, तसा तो पंचांनी दोनदा बाहेर काढल्यावरही आलेला नव्हता.

"… मी? … मी कशाला विचारायचं तिला? … नाही, विचारलं असं नाही. … भाऊजी, गृहीत धरणं वेगळं आणि… हो, ठरावाच्या सभेला अकरा जण होतो. … नाही, तिला नव्हतं बोलावलं. खाली प्रॅक्टिस चालू होती तिची. … हो, केला होता मी हात वर. … पहिला? असेल पहिला! हात वर करायला काय नंबर लावायचा असतो? … आता जरा गप्प बसा तुम्ही. तुम्ही चुकता तेव्हा मी सहन करते, पण बरोबर बोललात की मला फार राग येतो."

खिडकीच्या काचेपलीकडे कोर्टवर बॉल आपटत होता. डावा हात, उजवा हात, पुन्हा डावा. नुसती वाट बघत थांबलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"लाइनवर राहा. … ए शिडे! इकडे ये गं. … बॉल ठेव तो. … आत ये, डोकं सांभाळ. … हे बघ, ती नोटीस. 'बसवून ठेवणे' म्हणजे अध्यक्षांना म्हणायचं होतं की… काय? … कळलं होतं? … कधी कळलं होतं? … भाऊजी, ती म्हणते तिला अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता. … म्हणते, नळावर 'तहान लागल्यास पाणी पिण्यात यावे' अशी पाटी आहे तिथे ती नऊ वर्षं पाणी पितेय, अध्यक्षांची भाषा तिला पाठ आहे. … हसू नका, कौतुक नाही केलेलं तुमचं! … मग अगं बाई, चाललीस कशाला? … बोल ना. … माझ्याकडे बघून बोल, छताशी नको बोलू."

शिडी बोलली. फार नाही, सहा-सात वाक्यं. बाईंचा चेहरा पहिल्या वाक्याला उजळला आणि तिसऱ्याला पडला.

"… भाऊजी. … आहे, आहे मी. … राहील म्हणते. … थांबा, लगेच वहिनींना ओरडून सांगू नका! पुढचं ऐका. राहील, पण बोर्डाखाली उभी राहणार नाही म्हणते. … बोर्ड हो, जिथे बास्केट असते. … तिला बॉल घेऊन मागून पुढे यायचंय, मधून पास द्यायचेत, खेळ चालवायचाय. … नदीपलीकडच्यांनी तिला म्हणे एवढंच विचारलं, 'तुला कुठे खेळायला आवडेल?' … बस्स. दुसरं काही नाही. त्यावर चालली होती."

आणि इतका वेळ जिच्या बाजूने भांडत होत्या तिच्याचवर बाई आता उसळल्या. रिसीव्हर त्यांनी छातीशी धरला होता. भाऊजींना त्यामुळे सगळं आणखीच स्वच्छ ऐकू जात असणार.

"अगं पण तू सहा फूट एक इंच आहेस! … उंच म्हणून काय म्हणजे? उंच म्हणूनच! बोर्डाखाली मग कोण, मी उभी राहू? … खांब? मी तुझा खांब केला? नऊ वर्षं तुला कोपर कसं धरायचं शिकवलं, पाय कसे रोवायचे शिकवलं, आणि तुला ते आवडतच नव्हतं? … थोडंसुद्धा? … मग तोंड नव्हतं का तुला? बोलायचं होतंस! … बोललीस? कधी बोललीस? … भाऊजी, ही म्हणते तिसऱ्या वर्षी बोलली होती. … मी काय केलं? … शिट्टी वाजवली म्हणे."

खोलीत एक जर्सी टपटप गळत होती. रोज प्रॅक्टिस संपल्यावर ही मुलगी अर्धा-पाऊण तास एकटीच बॉल आपटत कोर्टच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात असे. बाई खिडकीतून बघत, आणि बिचारीची बस चुकलेली दिसते असं म्हणून जर्सी मोजायला लागत. बसचं वेळापत्रक त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

"… हो, ऐकतेय भाऊजी. … सहाला वीस कमी. … तुम्हाला काय जातंय 'खेळू द्या' म्हणायला? सगळा डाव नव्याने मांडायचा मी! पाचही जणींच्या जागा बदलायच्या! … हो. … हो, जमतं तिला. … मला माहितीये की जमतं. म्हणून तर डोकं फिरलंय माझं. … बरं. … बरं म्हटलं ना! … ए, ऐकलंस? बरं म्हटलं मी. हसतेस काय? उद्यापासून डाव्या हाताने पन्नास फेऱ्या, आणि एक पास जरी चुकला ना… … काय? … भाऊजी, ती म्हणते या मोसमापुरती. … नाही, पाच नाही. पुढचं पुढच्या मोसमाला विचारा म्हणते. … लिहून? लिहून नाही देणार. … मी सांगितलं तिला तसं? मी कशाला सांगू! तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, एवढंच. … ठरावाला दुरुस्ती सुचवायची तर सुचवा, पण तुम्ही लिहू नका. वहिनींना लिहायला सांगा."

फॉर्म शिडीने टेबलावर ठेवला होता. बाईंनी तो उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल स्थिर झालं. बाई झाल्या नाहीत.

"थांबा, ठेवू नका. बोर्डाखाली कोण, ते राहिलंच. … हो, तुमच्याशीच बोलायचंय त्याबद्दल. भाऊजी, तुमची धाकटी लेक आहे का घरात? … काही नाही, सहज. परवा तुमच्याकडे पडदे लावत होती, स्टूल नव्हतं घेतलं तिने, मी पाहिलं. … अभ्यास? प्रॅक्टिस सकाळी सहाला, तेव्हा कसला अभ्यास करते हो ती? लोळत असते. … तुम्ही नाही म्हणू नका. वहिनींनाही म्हणू देऊ नका. मी तुम्हाला विचारतच नाहीये. तिच्याशी बोलायचंय मला. तिच्याशीच. … आंघोळीला गेलीय? आत्ता, संध्याकाळी? … हरकत नाही, मी थांबते. … थांबलेय. … भाऊजी, मागे तिचा आवाज येतोय. 'कोण आहे' विचारतेय ती. सांगा ना, काकू आहे म्हणून. … भाऊजी? … हॅलो? … हॅलो? … ठेवला! चल गं शिडे, क्लबच्या सायकली काढ. दार तू वाजव, मला बघून उघडायचे नाहीत ते."