हॉस्पिटलातली मुलगी

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या मागच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या.

"आई, आत्याला माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"हॉस्पिटलात आहे म्हटलं."

"म्हणूनच ती फळं घेऊन वॉर्डावॉर्डात मला शोधत होती."

"मग काय सांगू? मालीशवाली?"

"मसाज थेरपिस्ट. दोन वर्षं शिकून पास झालेय."

"अगं, मसाज म्हटलं की लोक गालात हसतात."

"तू चाचरतेस म्हणून हसतात."

शिंपीणबाईंना राहवेना. मान धरलेली, म्हणून त्या अख्ख्याच मागे वळल्या.

"मावशी, मान कधीपासून धरलीय?" मुलीने विचारलं.

"आठवडा झाला. तुम्ही डॉक्टर का?"

मुलीने आईकडे बघितलं. आईने घसा साफ केला.

"मसाज थेरपिस्ट आहे," ती म्हणाली. "माझी मुलगी."