साहेबांच्या मोटारीची पडवी

चहा राहू दे, आधी सांगा, यात माझी काय चूक हाय? रस्त्याचे ओव्हरसियर आमच्या नाते गावात जुनी मोटार घेऊन आले. आत खाट, स्टोव्ह, सगळा संसार. म्हणाले, "सुतार, बाहेर बसायला कापडाचं छप्पर हवं. कुठल्या बाजूला लावायचं ते तूच ठरव." निम्म्या गावाच्या पडव्या मी बांधल्यात, एक गळत नाय. पावसाची झड येते पश्चिमेकडून, म्हणून छप्पर पश्चिमेच्या बाजूला ठोकलं. साहेब मोटार घेऊन वरंधला गेले, चार दिवसांनी भिजून परत आले आणि भर बाजारात मला म्हणाले, "मूर्खा, पाऊस एकीकडे आणि तुझं छप्पर भलतीकडे."

मी म्हटलं, "साहेब, पश्चिम जिथल्या तिथं हाय. गाडी कोणी वळवली?"