मेट्रनबाईंचा गार चहा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, विश्वस्त मंडळी, पाहुणे डॉक्टर, समोरच्या तमाम सिस्टर आणि ब्रदर, आणि ज्यांना निरोप द्यायचं धाडस आपण करतोय त्या आमच्या मेट्रनबाई,

कॅन्टीनवाल्याच्या हाती माईक देणं धोक्याचं असतं. कपबशा विसळायच्या सोडून मी मंचावर आलो, पण विसळताना कान उघडे ठेवले.

मंडळानं ‘महिन्याची सर्वोत्तम परिचारिका’ ही योजना काढली. हेतू थोरच होता. पण अध्यक्ष महोदय, निवड कुठं होई? माझ्या काउंटरवर. ‘या महिन्यात तू हो गं, माझे फोटो बरे येत नाहीत.’ लिफ्टजवळच्या फ्रेममधली एक सिस्टर तर नोकरी सोडून गेली तरी तिथं हसतच होती.

मेट्रनबाईंची रीत निराळी. पाळी बदलताना कुणी म्हणालं, ‘हिनं छान काम केलं,’ की बाई विचारणार, ‘छान म्हणजे नेमकं काय केलं?’

नेमक्या कौतुकानं माणसं टिकतात, असं पाहुण्या डॉक्टरांनी मघाशी पडद्यावर दाखवलं. मी झोपलो नव्हतो, डॉक्टर, डोळे मिटून ऐकत होतो. मी ते माझ्या कोपऱ्यातल्या टेबलावर पाहिलंय.

एक सिस्टर रडवेली होऊन बाईंसमोर उभी राहिली. ‘उद्यापासून येत नाही. मी काय करते ते इथं दिसतं कुणाला?’

बाईंनी कप खाली ठेवला. ‘काल त्या आजोबांना सगळे ओरडून विचारत होते. तू आधी त्यांचं ऐकायचं यंत्र कानात लावलंस, मग विचारलंस. तेव्हा कुठं ते बोलले, छातीत दुखतंय म्हणून.’

‘तुम्ही होतात तिथं?’

‘पडद्यापलीकडे होते. बस आता, उभी काय राहिलीस?’

ती बसली. उद्यापासून मेट्रनच्या खुर्चीतही तीच बसतेय. लाजू नका, सिस्टर.

आता ही ढाल. वर कोरलंय, ‘निष्ठापूर्वक सेवेबद्दल’. ती हातात घेताना बाई पुटपुटल्या, ‘म्हणजे नेमकं काय?’ माझे कान तिखट आहेत, बाई.

ढालीला उत्तर येत नाही, म्हणून मी देतो. त्या दिवशी ती सिस्टर बोलत होती आणि तुमचा चहा गार होत होता. मी गरम करायला कप उचलू लागलो, तर तुम्ही हातानंच मला थांबवलंत. तिचं बोलून संपेपर्यंत कपाकडे पाहिलं नाहीत. मग तो गार चहा घोटाघोटानं प्यायलात आणि वर मला म्हणालात, ‘आज चहा चांगला झालाय.’ तेवढं एक खोटं मी माफ केलंय.

मला इथं बोलावलंत, आभारी आहे. कुणाचं गुपित फुटलं असेल तर ते माझ्या कानांचा दोष समजून पोटात घाला. बाईंचा कप भरून ठेवलाय. आज मधे कुणी बोलायचं नाही.