तुकारामचा वाघ

जुना सिनेमा पुन्हा बघायला जाऊ नये, असं मी म्हणतो ते उगाच नाही. पलटणीत भरती होण्याआधी मी आणि माझा दोस्त तुकाराम, आम्ही सांगलीला तंबूत एक तलवारबाजीचा बोलपट पाहिला होता. पुढं बराकीत तुकाराम तो असा रंगवून सांगायचा, की पोरं जेवण सोडून ऐकायची. रजेवर आला की वडिलांनाही सांगायचा. ब्रह्मदेशच्या लढाईतून मी परतलो, तो परतला नाही.

मग तोच बोलपट माधवनगरला लागला. तुकारामचे वडील, आबा, म्हणाले, "पोराचा शिनेमा मलाबी दाव रं एकदा."

गेलो. नायक टेकला की किल्ल्याची भिंत हलायची, कारण ती कापडाची होती. ज्या उडीला आम्ही शिट्ट्या मारल्या, तिथं आता लोक हसत होते. आबा मात्र सारखं विचारत होते, "वाघ कवा येतोय रं?"

वाट मीही बघत होतो. वाघाशी झालेली झुंज मला स्वच्छ आठवत होती. पण खेळ संपला, लोक उठले आणि वाघ आलाच नाही. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

"आवं आबा, शिनेमात वाघ न्हाईच. त्यो तुकारामनं घातला हुता."

आबा माझ्यासोबत घरच्या वाटेला लागले. मग म्हणाले, "तू तर ऐकलायस. तसाच सांग की."

मी सुरू केलं. नायक गुहेत शिरला, आत गुरगुर झाली, इथवर आलो, तोच आबांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे लेकरा. तुझ्याच्यानंबी वाघ न्हाई यायचा."