आली नाही, म्हणजे

सुचिता : नाही वाढणार मार्क. पेपर कितीही वेळा दाखवा, उत्तर चुकलंच आहे.

गोपाल : मॅडम, वावरातलं काम सोडून आलो मी. बारावीची पोरगी, अन् त्या सवालाले सरळ भोपळा?

छकुली : बाबा, राहू द्या न.

गोपाल : काऊन राहू देऊ? वाचून दाखव मॅडमले.

छकुली : त्यायनंच काढला पेपर, बाबा! "वीज गेली, तर विहिरीवरची मोटर बंद पडते. मोटर बंद आहे. यावरून काय सांगता येईल?" मी लिहिलं, वीज गेली आहे.

गोपाल : मंग? बरोबरच तं आहे. आमच्या वावरात मोटर बंद म्हणजे लाईन गेलेलीच असते.

सुचिता : आणि कोणी स्टार्टरच बंद केला असेल तर? मोटर जळली असेल तर?

गोपाल : ते पेपरात कुठं लिहिलं?

सुचिता : लिहिलं नाही, म्हणूनच काही ठरवता येत नाही. छकुली, वर्गात काय सांगितलं होतं मी? याचं कॉन्ट्रापॉझिटिव्ह काय?

छकुली : मोटर चालू आहे, म्हणजे वीज गेली नाही.

सुचिता : हे पक्कं. दोन्ही बाजूंना 'नाही' लावायचं, मग उलटं वाचायचं. नुसतं उलटं वाचलं की माणूस फसतो.

छकुली : हाव मॅडम. पेपरात घाई झाली.

सुचिता : होते घाई. जा, टपरीवरून तीन चहा घेऊन ये. आलं टाकायला सांग.

(छकुली जाते.)

गोपाल : पोरीले बरोबर बाहेर पाठवलं.

सुचिता : तू मार्कासाठी आला नाहीस, गोपाल.

गोपाल : नाही. पोरगी घरी सांगे, मोताळ्याच्या कॉलेजात नवीन मॅडम आल्या, सुचिता मॅडम, लय कडक, फळ्यावर डाव्या हातानं लिहितात. तवाच समजलो.

सुचिता : मग? इतक्या वर्षांनी काय काम काढलंस?

गोपाल : एकच विचारतो, अन् जातो. तुह्या बाबानं मले नकार काऊन देल्ला? माह्यात काय कमी होतं?

सुचिता : नकार दिला, असं कोण म्हणालं तुला?

गोपाल : तूच! कॉलेजातल्या नळापाशी उभी राहून म्हणली होती. "आज बाबाले आपलं विचारतो. त्यायनं नकार देल्ला, तं मी महामायेच्या जत्रेत येणार नाही." मी सकाळपासून पाळण्यापाशी उभा. फुगेवाला मले विचारे, काऊन बे, पोरगं हरपलं का तुहं? दिवस बुडाला. तू आली नाही.

सुचिता : नाही आले. म्हणून?

गोपाल : म्हणून काय? नकार!

सुचिता : गोपाल, आत्ता तुझ्या पोरीला काय सांगितलं मी?

गोपाल : ते मोटरीचं होतं.

सुचिता : तेच रे! मोटर बंद होती. वीज गेली नव्हती.

गोपाल : म्हणजे?

सुचिता : बाबा हो म्हणले होते. पहिल्याच बोलण्यात. अन् म्हणूनच मी आली नाही.

गोपाल : हो म्हणले, म्हणून आली नाही? हे कसं काय?

सुचिता : मोठीआई म्हणे, आता पोरगी जमली. साक्षगंध होईपर्यंत पोराच्या नजरेले पडाचं नाही, जत्रेत तं पायच ठेवाचा नाही. आमच्यात तशीच रीत होती. मी चुलीपाशी बसून हसून राह्यली होती, का येडं उभं असन तिथं! दोन-चार दिवसात बाबा जातीनच त्याच्या घरी.

गोपाल : निरोप तं धाडाचा होता!

सुचिता : कोणाजवळ? मोबाईल होते का आपल्याजवळ? अन् हा चॅप्टर म्या तुह्याकडून घोटून घेतला होता. वाटलं, तू तरी असं उलटं वाचणार नाही. नकार असला तं येणार नाही, इतकंच म्हणली होती मी. होकार असला तं येईन, असं म्हणली होती का?

गोपाल : नाही.

सुचिता : मंग तुनं विचारलं काऊन नाही?

गोपाल : हिंमतच नाही झाली. घरी गेलो अन् मायले म्हणलं, मामाची पोरगी पाह्य, नाही तं कोणतीबी पाह्य. मामा तं तयारच बसला होता. त्याच आठवड्यात साक्षगंध.

सुचिता : माहीत आहे. बाबा आले होते.

गोपाल : कुठं?

सुचिता : तुमच्या घरी. नारळ घेऊन, माही बोलणी कराले. पाहतात तं अंगणात पंगत. पाहुणे समजून कोणीतरी हात धरून बसवलं त्यायले. बाबा जेवले, अन् वापस आले.

गोपाल : थांब. फेटा होता का त्यायले? पांढरा?

सुचिता : हाव.

गोपाल : त्यायनं माह्या हातात नारळ देल्ला, सुचिता! सुखी राह्य म्हणे. मले वाटलं, मामाकडचं कोणी असन. मी पाया पडलो त्यायच्या.

सुचिता : सांगितलं बाबानं. पोरगा चांगला आहे म्हणे, पाया पडला.

गोपाल : अरे देवा. अन् मी इतके वर्षं त्या माणसाले मनातल्या मनात शिव्या देल्या.

सुचिता : म्या तुले देल्या. एक आठवडा दम नाही निघाला म्हणून. माहं काही वाईट झालं नाही गोपाल, नवरा भला माणूस आहे. पण जत्रेतला पाळणा दिसला का अजून जीव तुटते.

गोपाल : छकुलीची मायबी भली आहे. तिचा काय दोष? माहंच चुकलं.

सुचिता : माहंबी चुकलं. अर्धीच गोष्ट सांगून घरी बसली.

छकुली : मॅडम, चहा. गर्दी होती टपरीवर. बाबा, तुमचे डोळे काऊन लाल झाले?

गोपाल : आलं जास्त झालं असन.

छकुली : अजून तं तुम्ही पेलाच नाही!

सुचिता : बस छकुली. एक सवाल तोंडी सोडव. मार्क नाहीत याला. "नकार असला, तर ती जत्रेत येणार नाही. ती आली नाही." यावरून काय सांगता येईल?

छकुली : हे तं पुस्तकात नाही.

सुचिता : नाही. तरी सांग.

छकुली : नकार असनबी, नसनबी. आली नाही यावरून काहीच नाही सांगता येत.

सुचिता : बरोबर.

गोपाल : मंग जो तिथं उभा राहून वाट पाहत असन, त्यानं काय कराचं?

छकुली : तिच्या घरी जाऊन विचाराचं, बाबा. त्याले काय लागते?