फुकटातला सोनेरी गळ

...आणि वर मलाच विचारतात, काउको, मासा सुटला कसा? अहो, सुटला कसला, गळाची काठीच घेऊन गेला! बर्फातल्या भोकातून सरळ खाली, तळ्यात! आणि मी कुठे होतो? तिथेच! भोकाच्या काठाला, स्टुलावर, फोनला नाक लावून. हसू नका. नाहीतर असं करा, हसाच. सगळं गाव मनातल्या मनात हसतंय, तुम्ही तरी कशाला मागे राहता.

तुम्हाला सांगतो, मी पैसे उधळणारा माणूस नाही. कागदाच्या गिरणीत जन्म गेला माझा, अजून तिथला डबा आणि तिथलेच मोजे वापरतो. आणि तो खेळ फुकट होता हो, फुकट! मासेमारीचा, फोनवरचा. आता तुम्ही म्हणाल, दारात तळं असताना फोनात मासे कशाला धरायचे? राउनोनेही हेच विचारलं. राउनो म्हणजे आमचा शेजारी. वर्षाकाठी चार वाक्यं बोलतो, त्यातलं एक माझ्यावर खर्च केलं त्याने.

सुरुवातीला सगळं छान. मग म्हणे, खोल पाण्यात जायचं तर कुलूप उघडा. कुलूप! पाण्याला! बरं, उघडलं. किती पडले? एका कॉफीचे. मग होडीला कुलूप, होडीतल्या कंदिलाला कुलूप, मग उन्हामुळे मासे वर येईनात म्हणून एक ढग घेतला... हो, ढग! विकत! आणि प्रत्येक वेळी पडद्यावर एक चकचकीत दातांची बाई यायची, "काउको, आज फक्त तुझ्यासाठी!" आता खरं सांगा, आमच्या गावात मला नावाने हाक मारून इतकं गोड कोण बोलतं?

आता ऐका, हेल्मी म्हणजे माझी मुलगी. शहरात खेळ बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत होती, पगार दणदणीत. आणि काम काय? कुलपं लावायचं! माणूस रंगात कुठे येतो ते हेरायचं आणि नेमकं तिथे कुलूप ठोकायचं. शेवटी तिची तिलाच लाज वाटायला लागली, दिली नोकरी सोडून. ती आणि तिची मैत्रीण ऊना, दोघींनी मिळून स्वतःचा खेळ काढला, बर्फावरच्या मासेमारीचा. एकदाच पैसे द्या, पुरा खेळ तुमचा. कुलूप नाही, बाई नाही, आरडाओरडा नाही. साठवलेलं सगळं त्यात घातलं पोरीने. म्हणाली, बर्फ वितळेपर्यंत खपला तर टिकू, नाही खपला तर... पुढचं बोललीच नाही. आमच्याकडे असली वाक्यं कुणी पुरी करत नाही.

आणि मी? बाप? तिच्या टेबलाशी बसून, तिचीच कॉफी पीत, तिचाच दालचिनीचा गोड पाव चावत तिला म्हणालो, "अगं, फुकट मिळत असताना विकत कोण घेईल?" बोललो हो मी असं! खिशात फोन तापलेला, त्यात माझी होडी, माझा कंदील, माझा ढग! तिच्या अख्ख्या खेळाची किंमत माझ्या ढगाएवढी नव्हती. तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

मग आली मार्चमधली गावची स्पर्धा. शिट्टी झाली की ज्याने त्याने बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि गप्प बसायचं. आमचा अत्यंत लाडका सण, कारण यात बोलावं लागत नाही. हेल्मी मुद्दाम आली होती, सगळ्यांना वाटाण्याचं सूप वाढत होती. मी बसलोय, मासा काही येईना, आणि खिशात फोन गुरगुरला. सोनेरी गळ, अर्ध्या किमतीत, आत्ताच्या आत्ता! म्हटलं, किंमत तेवढी बघू. हातमोजे काढावे तर बोटं जातील, हातमोज्याने काचेला कळत नाही. मग थंडीत आमच्याकडे सगळेच करतात ते केलं, नाकाने दाबलं. नाक माझं, बघताय ना, जरा मोठंच आहे. किंमत राहिली बाजूला, खरेदी झाली!

कानाने कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण वर. त्या शांततेत, अख्ख्या तळ्यावर, ती बाई किंचाळली, "अभिनंदन काउको! सोनेरी गळ तुझा! आमचा सगळ्यात लाडका खरेदीदार तूच!" मागून तुताऱ्या, खळखळ नाणी... आणि त्याच क्षणी माझी खरीखुरी काठी, सर्रकन, भोकात!

लोक हसले असते तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या वतीने लाजायची पद्धत आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या, अख्खं गाव आपापल्या भोकात बघत माझ्यासाठी लाजत होतं. राउनोने टोपी डोळ्यांवर ओढली. आणि हेल्मी सूपची वाटी घेऊन माझ्यापुढे उभी.

"कधीपासून, बाबा?"

"फुकट होता गं तो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"फुकटच्या खेळात असे पैसे ओतत राहणाऱ्याला कंपनीत आम्ही देवमासा म्हणायचो," ती म्हणाली. "मला वाटायचं, ते कुठेतरी लांब राहतात."

एवढंच बोलली. वाटी माझ्या हातात दिली आणि पुढच्याला वाढायला गेली.

दुसऱ्याच दिवशी तिचा खेळ विकत घ्यायला हवा होता की नाही? हवा होता! पण शरमेने हातच होईना. आज घेऊ, उद्या घेऊ... बर्फ वितळला तेव्हा कुठे धीर केला. बघतो तर किंमतच गायब. लिहिलंय, फुकट. फोन केला तिला. ती म्हणाली, "ऊना कधीपासून म्हणत होती, खेळ फुकट करू आणि आत कुलपं लावू, मीच अडून बसले होते. त्या दिवशी तुला पाहिलं आणि तिला नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नाही, बाबा. कुलपं मीच लावली. मला येतात ना लावता."

उघडला खेळ. आमचंच तळं, आमचाच बर्फ, आणि कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारा. टोपी माझी, मोजे गिरणीचे, नाक... नाक तर शंभर टक्के माझं! शांतपणे भोकाकडे बघत बसलाय, हातात फोन नाही. पूर्वी त्याच्याशेजारी कुणीही जाऊन बसायचं म्हणे. आता त्याच्यावर कुलूप.

घरात होतो, ऊब होती, हातमोजे नव्हते, तरी सवयीने नाकानेच दाबलं. भरले पैसे. बाकी खेळ फुकट आहे हो, फुकट. मीच तेवढा विकत आहे.