बावीस हजार एकशे शहात्तर

(पोलंडमधलं एक खेडं, १९६४. निवृत्त पाद्री फादर गावेल यांचं स्वयंपाकघर. बिशपांकडून आलेले तरुण फादर त्सिप्रियान १९४२ सालच्या जर्मन छळछावणीबद्दल त्यांची जबानी लिहून घेत आहेत. घर सांभाळणाऱ्या अपोलोनियाबाई खसखशीचा केक कापत आहेत.)

त्सिप्रियान : म्हणजे त्या सकाळी मैदानात एकूण किती?

गावेल : तीनशे अकरा कैदी, सगळे पाद्री. एक यादी, एक कारकून, दोन कुत्रे. हवे होते दहा जण.

त्सिप्रियान : कुत्रे दोनच?

गावेल : तिसरा आजारी होता. कुत्र्यांना सुट्टी मिळायची.

त्सिप्रियान : निवडलेले दहा कुठे जाणार, ते ठाऊक होतं?

गावेल : विश्रांतीला, असं सांगायचे. आठवड्याने त्यांचे कपडे परत यायचे.

त्सिप्रियान : त्यात फादर झेनोन कसे गेले?

गावेल : पुकारला माझा नंबर. बावीस हजार एकशे शहात्तर. झेनोनच्या शेवटी सदुसष्ट, बाकी सगळं तेच. गेला तो.

त्सिप्रियान : स्वतःहून?

गावेल : चुकून. लिहा, चुकून. आपण पोलिशमध्ये सत्तर-सहा म्हणतो, जर्मन म्हणतात सहा-आणि-सत्तर. आपल्या माणसाच्या कानाला ते सदुसष्ट वाटतं. छावणीत निम्म्यांचा हाच घोळ.

त्सिप्रियान : कारकुनाने छातीवरचा नंबर बघितला नाही?

गावेल : बघितला की. मग यादीत खाडाखोड केली. त्याला दहा डोकी हवी होती, दहा भरली.

त्सिप्रियान : फादर, चूक असेल तर मला हे प्रकरण इथेच बंद करावं लागेल. चुकून मेलेला माणूस हुतात्मा ठरत नाही.

गावेल : करा बंद.

अपोलोनिया : करा बंद म्हणे! गावाने पुतळ्याला चौथरा बांधलाय.

गावेल : त्यावर कुंड्या ठेवा.

अपोलोनिया : धाकटे फादर, हा केक घ्या आणि मला विचारा. झेनोन फादर शाळेत काय शिकवायचे?

त्सिप्रियान : धर्मशिक्षण?

अपोलोनिया : जर्मन! युद्धाआधी अकरा वर्षं. आकडा उलटा लिहिला की हातावर पट्टी. मला अजून झोपेतून उठवून विचारा.

गावेल : अपोलोनियाबाई, चुलीवर काहीतरी करपतंय.

अपोलोनिया : चूल विझून तास झाला.

त्सिप्रियान : फादर गावेल, ते जर्मन शिकवायचे, हे तुम्हाला माहीत होतं?

गावेल : एका फळीवर झोपायचो. माहीत नसेल होय?

त्सिप्रियान : मग बावीस वर्षं चूक का म्हणताय?

गावेल : चूक असली तर मी नशिबाने वाचलो. नसली तर... त्याच्या जागी बसून मी हा केक खातोय.

अपोलोनिया : खा मग. टाकू नका.

त्सिप्रियान : तुमचा नंबर तुम्हाला नीट ऐकू आला होता?

गावेल : आला. मी पाऊल उचलायला लागलो होतो.

त्सिप्रियान : मग थांबलात का?

गावेल : त्याने माझ्या पायावर पाय दिला. त्याचे बूट लाकडी. माझे चोरीला गेलेले, मी अनवाणी. टाच रोवून सगळा भार टाकला. मी कळवळून खाली वाकलो. वर बघतो तर तो कारकुनासमोर उभा.

त्सिप्रियान : काही बोलले?

गावेल : पाय देताना. ‘गप’ म्हणाला.

त्सिप्रियान : हे लिहू?

गावेल : लिहा.

त्सिप्रियान : पायाला इजा?

गावेल : अंगठ्याचं नख गेलं.

त्सिप्रियान : नख पूर्ण परत यायला किती दिवस लागले?

गावेल : चौदा महिने.